काठोकाठ भरलेला फिल्टर

मे महिना, रविवार. पिंपळवंडीहून घाटघरला, पाहुण्यांकडे. हजर: पुढे माझ्या शेजारी सासरे, मागे सासूबाई आणि नवरा, चालवायला मी. शिवाय जीप, कारण प्रश्न तिचाच होता.

घरात ठरलं होतं ते असं. जीप न थांबता घाटघरला पोहोचली, तर राहील. वाटेत अडली, तर बेल्ह्याचा व्यापारी घेऊन जाईल. बैलाचे दात बघावेत तसा तो बॉनेट उघडून बघून गेला होता. विकायची घाई नवऱ्याला. सासरे काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी जीप पुसत होते. मी लग्न होऊन आंबेगावातून इकडे आले ती याच जीपमधून, आणि गाडी शिकले तीही हिच्यावरच. त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

दुखणं माहीत होतं. तिला श्वास पुरत नव्हता. जुन्या एअर फिल्टरची जाळी धुळीने लिंपून गेली होती, खालची वाटी गंजली होती, आणि चढ लागला की काळा धूर. म्हणून शुक्रवारी नवरा आणि मी जुन्नरला स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या चाचांनी दोन फिल्टर पुढे ठेवले. एक कागदाचा: हलका, बसवायला सोपा, भरला की टाकून नवा आणायचा. दुसरा तेलाचा, जीपला मुळात होता तसाच. खाली वाटीत इंजिन ऑइल असतं, हवा त्याच्यावरून जाते आणि धूळ तेलात बसते.

नवऱ्याने कागदाचा उचलला, मी तेलाचा. चाचांना हसू आवरेना.

"ताई, विकणारा कागदाचा नेतो, ठेवणारा तेलाचा. आधी घरी भांडून या."

भांडण आम्ही दुकानातच उरकलं. घाटघरच्या लाल धुळीत कागद बघता बघता गच्च होणार; तेलाची वाटी मी घरच्या घरी डिझेलने धुऊन पुन्हा भरू शकते. हे मी इतकं मुद्देसूद सांगितलं, की नवरा कंटाळून हो म्हणाला.

रविवारी सकाळी मी वाटीत आतल्या खुणेपर्यंत ऑइल ओतलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि डबे भरायला आत गेले. बाहेर आले तर नवऱ्याने ती बसवूनही टाकलेली. एक काम कमी झालं म्हणून मी खूश.

आपटाळ्यापर्यंत जीप शहाण्यासारखी चालली. पुढे चढ लागला आणि मागे पांढरा धूर सुटला. काळ्या धुराची मला सवय होती, पांढरा नवा होता. त्यात वास. डिझेलचा नव्हे, तळणाचा. सासऱ्यांनी दोनदा वास घेतला आणि कोणाकडे लग्न आहे का, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

मग मागून सासूबाईंचा आवाज आला.

"ती वाटी अर्धीच ठिवली व्हती. गाडी पावण्यांच्या गावाला न्यायची आन् तिला अर्धं भांडं द्यायचं व्हय? कुरडया तळलेलं तेल व्हतं, मी काठोकाठ भरली."

आमच्या घरात चहाचा कप बशीत सांडल्याशिवाय पाहुण्याला दिल्याचं समाधान मिळत नाही. तोच न्याय जीपला लागला होता. जास्तीचं तेल हवेबरोबर इंजिनात ओढलं जात होतं आणि आम्ही घाटभर कुरडया तळत चाललो होतो.

नवरा म्हणाला, थांब, इंजिन जाईल. सासरे आठवडाभरात पहिल्यांदा बोलले.

"थांबू नगं. थांबली की बेल्ह्याला गेली."

मी पाय हलका केला, दुसरा गिअर धरून ठेवला आणि जास्तीचं तेल जळून संपण्याची वाट बघत राहिले. तरी हसू वर येतच होतं. एक मोटरसायकलवाला धुरातून बाहेर पडून शेजारी आला.

"ताई, भजी हायेत का वडे?"

"कुरडया," सासूबाई मागून म्हणाल्या, अगदी गंभीरपणे. त्यानंतर नवऱ्यालाही हसू फुटलं. डोळे पुसायला त्याने डब्याचं फडकं घेतलं, सासरे डॅशबोर्डवर थापा मारायला लागले, आणि मला हसताना स्टिअरिंग सरळ धरणं हे स्वतंत्र काम होऊन बसलं.

हळूहळू धूर विरळ झाला. घाटघर आलं तेव्हा वास तेवढा उरला होता. जीप थांबली ती मी थांबवली म्हणून. एक कुत्रं लगेच सायलेन्सरपाशी येऊन बसलं. सासऱ्यांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला, पोळल्यावर काढला, पुन्हा ठेवला.

नवरा म्हणाला, व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवतो. खिशातून फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती.

रेंज जुन्नरला आहे, पिंपळवंडीलाही आहे. आज बुधवार. वाटी मी उतरवली, डिझेलने धुतली, खुणेपर्यंत भरली आणि सासूबाईंना ती खूण दाखवली. त्यांना ती पटलेली नाही. नवऱ्याचं बेल्ह्याला फोन करायचं मात्र अजून राहिलंय.