थरथऱ्याला पडणारं एक मत

कानवाले काका बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, कानांकडे बघत. नवा माणूस हमखास कानाला हात लावून चाचपायचा, काही लागलंय की काय म्हणून. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आयुष्यभर त्यांनी पासपोर्ट फोटोच जास्त काढले. फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत हा त्यांचा दंडक. केस कानावर आलेली पोरं आली की स्वतःच्या कंगव्याने त्यांचे केस मागे सारत. म्हणायचे, "चेहरा काय, कॅमेरा दिसला की लगेच बदलतो. कान बिचारा आहे तसाच राहतो."

मी वाशीमकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, आणि पुढे मिळेल ते काम करत नाशकात येऊन पडलो. पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसवर टेम्पोचं काम लागत होतं आणि गेटपाससाठी फोटो हवा होता. मला ऑफिस म्हटलं, फॉर्म म्हटलं, नुसतं 'आत या' म्हटलं तरी घाम फुटतो. काकांच्या स्टुलावर बसलो तर पाय हलायचा थांबेना. त्यांनी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं.

"कायले घाबरतो रे?" असं मुद्दाम माझ्याच बोलीत विचारलं. "कानांना कसली भीती? बाकीचा तू घाबर, कान सरळ ठेव."

मी हसलो आणि तेवढ्यात त्यांनी फोटो काढला. परक्या गावात आपली बोली, चेष्टेत का होईना, कोणी बोललं की काय होतं ते घर सोडलेल्यालाच कळेल.

फोटो तयार होईपर्यंत मी बाकावर बसलो. तिथे जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा होता. 'वज्रपथक'. सात वीरांचं पथक, दर महिन्याला एक अंक, कित्येक वर्षं चाललं आणि मग बंद पडलं. आमच्या गावच्या न्हाव्याकडे हिंदीतले अंक असायचे. केस कापायचे नसले तरी मी तिथे जाऊन बसायचो. मी एक अंक उघडला आणि सहज बोलून गेलो, "ह्याच्यात कोणालाच पाय नाहीत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानांकडे. "धूरवाला," ते म्हणाले. "त्याला पाय काढता यायचे नाहीत. म्हणून सगळ्यांच्या गुडघ्याखाली धूर. रविवारी सकाळी काय करतोस?"

रविवारी मी खोलीवर पडून असायचो, पंख्याकडे बघत. पण मी म्हणालो, "काही नाही."

काका आणि त्यांचे दोन दोस्त दर रविवारी द्वारकेच्या एका हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. एक शेठ, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान असलेले, आवाज हॉर्नसारखा. दुसरे ड्रॉइंगसर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. तिघंही 'वज्रपथक'चे वेडे. आपल्याकडच्या लोकांना वीरांची नावं पाठ असतात. यांना चित्रकार पाठ होते. गंमत अशी, की अंकावर चित्रकाराचं नाव कधी छापलंच जात नसे. दुसऱ्या प्रकाशकाने पळवून नेऊ नये म्हणून मालक नाव लपवायचा. मग वाचकांनीच रेषा ओळखून बारशी केली. पायांऐवजी धूर काढणारा धूरवाला. जिथे तिथे वीरांच्या पाठीच काढणारा पाठमोऱ्या. पट्ट्याचं एकेक बक्कल चकाकवणारा सोनार. सुरुवातीची वर्षं गाजवलेला, ठाम रेघेचा थोरला. आणि अगदी शेवटच्या वर्षांतला, ज्याची रेघ जागोजागी कापायची, तो थरथऱ्या.

दिवाळीनंतरच्या रविवारी टेबलावर मतदान व्हायचं. आवडता चित्रकार कोण? नुसतं नाव घेऊन चालायचं नाही, त्याचं एक पान उघडून सगळ्यांसमोर ठेवायचं, ही रीत. शेठ आणि सर दरवर्षी थोरल्याचं पान ठेवत. काका दरवर्षी थरथऱ्याचं. आणि दरवर्षी त्यावरून भांडण.

"अरे, ही काय रेघ हे? चालत्या यष्टीत बसून काढल्यासारखी!" शेठ म्हणायचे.

"थोरला आणि थरथऱ्या एकच माणूस आहे," काका शांतपणे सांगायचे. "कान बघा. पाळीजवळ तोच बारीक बाक. माणूस म्हातारा झाला, हात कापायला लागला. तरुणपणी ज्याला डोक्यावर घेतलंत, त्यालाच म्हातारपणी शिव्या घालताय."

"कान शिकता येतात हो," सर म्हणत. "माझ्या वर्गातल्या पोरांचे कान माझ्यासारखे यायचे."

"पोरांचे येतील. याचे नाही."

काकांचे स्वतःचे हात तेव्हाच कापायला लागले होते. चहाचा ग्लास ते दोन्ही तळव्यांत धरत, थंडी वाजत असल्यासारखा. टेबलावर सगळ्यांना ते दिसायचं, बोलायचं कोणी नाही. एका वर्षी मात्र शेठ भांडणाच्या भरात बोलून गेले, "तुझा हात थरथरतो म्हणून तुला थरथऱ्या गोड लागतो, दुसरं काय नाय!"

काकांनी ग्लास खाली ठेवला. थोडा चहा सांडला. "ठीक आहे," ते म्हणाले, "दोघं वेगळे निघाले, तर मी या टेबलावर परत बसणार नाही. शब्द आहे."

शेठ आणि सर हसले. मला मात्र हसू आलं नाही. काका स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीत बुद्धांची एक मूर्ती, तिच्यासमोर फुलं आणि भिंतीला लागून अंक. मोबाईल आल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. सोमवार ते शनिवार त्यांच्या तोंडून 'हनुवटी खाली' आणि 'हलू नका' एवढेच शब्द निघायचे. कधी कधी तेवढेही नाहीत. बोलायचं ते सगळं रविवारसाठी साठवलेलं. हे मला कळायचं, कारण माझंही तसंच होतं. गाडीत मी आणि क्रेट. द्राक्षांशी काय बोलणार?

म्हणून मी त्यांना स्टुडिओवर जाऊन म्हणालो, "काका, शब्द मागं घ्या ना. मस्करी होती म्हणा."

"शब्द काय कपडा आहे, घट्ट झाला म्हणून बदलायला? आणि मी चुकणार नाही. तू उगाच घाबरतोस. तुला घाबरायला कारण लागतच नाही."

पुढे ड्रॉइंगसरांनी कुठून कुठून चौकशी केली. कोणी जुना रंगकाम करणारा भेटला, त्याच्याकडून थोरल्याचा पत्ता लागला. थोरला वारलेला होता. पण त्याची मुलगी होती, आणि ती निफाडला नात्यातल्या लग्नाला येणार होती. रविवारी सकाळी ती आमच्या टेबलावर आली. पन्नाशीच्या बाई, साधी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्या पर्सवरच्या बोटांवरून मी ओळखलं, या बाई आपल्या जातकुळीतल्या आहेत. घाबरणाऱ्या.

सरांनी थोरल्याचा एक आणि थरथऱ्याचा एक असे दोन अंक शेजारी शेजारी ठेवले. "ताई, ही दोन्ही कामं तुमच्या वडिलांचीच का?"

बाईंनी पहिल्या अंकावर हात ठेवला. "हे बाबांचं." मग दुसऱ्यावर. "हे माझं."

शेठचा घास हातातच राहिला.

"बाबांना लकवा झाला," त्या सांगू लागल्या. "उजवी बाजू गेली. मालकाला कळलं असतं तर काम गेलं असतं. मग मीच काढायला लागले. मी काही शिकलेली नव्हते, लहानपणापासून नुसतं बघितलेलं. बाबा पलंगावरून पान तपासायचे. हात चुकला, पाय चुकला तरी काही म्हणायचे नाहीत. कान चुकला की मात्र पान परत. म्हणायचे, बाकी धकून जाईल, कानावरून पकडतील."

"पण ही रेघ अशी..." शेठनी विचारलंच. "म्हणजे, वय तर लहान असंल ना तुमचं?"

"भीती वाटायची हो. प्रत्येक रेघ मारताना वाटायचं, आता कळणार, आता पकडणार. सरळ रेघ कधी आलीच नाही."

मी काकांकडे बघत होतो. ते पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडाकडे बघत होते.

सरांना वाटलं, बाईंना जरा बरं वाटावं. ते म्हणाले, "ताई, आम्ही दरवर्षी मत देतो. तुमच्या चित्रांना दरवर्षी एक मत पडतं."

"मला?" बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. "कोणाचं?"

काकांनी तेवढ्यावर गप्प राहायला हरकत नव्हती. दुसरा कोणी असता तर हसून हात जोडले असते. काका म्हणाले, "माझं. पण ते तुम्हाला नव्हतं, ताई. मला वाटायचं, तुमचे वडीलच म्हातारे झालेत. तुम्ही असाल हे माझ्या मनातही आलं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. मला काकांचा राग आला. मग काकांनीच विचारलं, "तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता?"

"हो. टेबल त्यांच्या पलंगाला लावूनच होतं."

"मग बरं आहे," काका म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं, तो माणूस एकटाच बसून काढतोय."

त्यांनी थरथऱ्याचा अंक ओढून घेतला, पान शोधायला वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. लढाई संपल्यावर पथकातला सगळ्यात दांडगा वीर, कातळ, कुठल्याशा पायऱ्यांवर बसून बूट काढतोय, असं ते चित्र होतं. काकांनी ते पान उघडून बाईंसमोर ठेवलं. "हे माझं मत. आता मात्र तुम्हाला."

"अय, दिवाळी कुठं आली अजून? मतदान कसलं काढतो?" शेठ ओरडले. पण काका उठले होते. बाईंना नमस्कार केला, टोपी घातली आणि बाहेर पडले. बाईंना वाटलं, घाईचं काही काम असेल. आम्हाला माहीत होतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी टेबलावर थोडा वेळ बसायचो, मग स्टुडिओवर जायचो. काका दार उघडून आधी विचारत, "काय म्हणतायत?"

"शेठनी तुमची आठवण काढली, काका. तब्येत कशी आहे विचारलं."

"शेठ असं विचारणार नाही. खरं काय म्हणाला?"

"म्हणाले... म्हातारा मेला का?"

"हां," काका खुलायचे. "मग ठीक आहे."

पण जायचे मात्र नाहीत. शेठ एकदा स्वतः गल्लीत येऊन बाहेरून हाका मारून गेले. खिडकी बंदच राहिली. आत काका मूर्तीसमोरची फुलं पुन्हा पुन्हा नीट करत होते. मी म्हणालो, "काका, तुम्हाला तिकडं कोणी हरलेला म्हणत नाही." ते म्हणाले, "मीच म्हणतो ना."

हात फार कापू लागले तसा सोलापूरचा पुतण्या त्यांना न्यायला आला. रविवार होता. त्याची गाडी द्वारकेवरूनच निघणार होती. सामान लावायला मी गेलो होतो, मीच पुतण्याला हॉटेलसमोर थांब म्हणालो. काका उतरले नाहीत. "शब्द आहे," एवढंच बोलले. मी पळत आत गेलो.

शेठ आणि सर चहाचे ग्लास घेऊन रस्त्यावर आले. गाडीच्या काचेशी दोघं वाकून उभे. मागून ट्रक हॉर्न देतायत, रिक्षावाले शिव्या देतायत, पोलीस शिट्टी मारतोय, आणि शेठ खिडकीतून काकांच्या हातात चहा देत ओरडतायत, "सोनार तुला कधी आवडलाच नाय! का, ते सांग आज!"

"सोनाराची माणसं कधी दमत नाहीत," काका म्हणाले. "इतक्या मारामाऱ्या करून बक्कल तसंच चकचकीत. मी अशा माणसावर विश्वास ठेवत नाही."

"आन् पाठमोऱ्या?"

"त्याच्यावर सोलापुरात बसून विचार करतो."

पोलिसाने बॉनेटवर थाप मारली. पुतण्याने गाडी काढली. काकांच्या दोन्ही तळव्यांत ग्लास तसाच होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, ग्लास इकडेच आला हॉटेलचा. शेठला सांग."

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे म्हणावं." मग दुकानातल्या बेअरिंगच्या डब्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "नको. आणून दे म्हणावं, स्वतः."

मी काकांना तसंच कळवलं. "शेठ म्हणाला?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बघू."

शेठ आता दर रविवारी मला विचारतात, म्हातारा ग्लास कधी आणतोय. मी म्हणतो, येतील. परवा पुतण्याशी बोललो. काकांना आता ग्लास धरता येत नाही, चहा चमच्याने पाजावा लागतो. हे मी टेबलावर अजून सांगितलेलं नाही.