कॉम्प्युटरचं तोंड

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी गंगाखेडहून एक जुना, जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आणला होता. खंडेनवमीला दादांनी, म्हणजे वडिलांनी, तोही विळे-कुऱ्हाडींच्या रांगेत पूजेला मांडला. मग ओल्या कुंकवाचं बोट पुढं करून विचारलं, "याचं तोंड कुठं हाय?"

मला भीती कुंकवाची होती. सगळा प्रोजेक्ट कॉम्प्युटरमध्येच होता आणि पुढंमागं नुसती भोकं. एका बाजूला चालू करायचं बटण, पेनड्राइव्हची दोन भोकं आणि हेडफोनचं एक. दुसऱ्या बाजूला वीज, स्क्रीन, इंटरनेट अशा वायरींच्या जागा. कोरा होता तो फक्त वरचा पत्रा.

"दादा, वरच लावा. ते कपाळ समजा," मी चाचरत म्हणालो.

"तोंड सापडल्याबिगर कपाळ कसं सापडंल? कालेजात हेच शिकायलास का?"

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मला खरंच नक्की सांगता येईना. "बटणाकडची बाजू पुढची असावी," मी म्हणालो.

"अन् वीज कुठून खातंय?"

"मागून."

"मागून कुणी खातं का रं? खातंय तिकडंच तोंड."

त्यांनी वायरींची बाजू आमच्याकडं फिरवली आणि तिच्यावरच्या पत्र्याला कुंकू लावलं. भोकं वाचली.

कॉम्प्युटर अजून तसाच असतो. चालू करायला मला पलीकडं हात घालून बटण चाचपावं लागतं. वडिलांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

"बैल बी शेपटी पिरगाळल्यावरच चालतो की," ते म्हणतात.