ताडपत्रीखालची भिंत

माझ्या नातवंडांनो,

दिवाळीला तुम्ही येणार आहात, आणि काल तुमच्या बाबाने फोनवर विचारलं, "मुलं त्या मातीच्या खोलीत झोपली तर चालेल ना?" मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, त्या होकारामागे काय आहे ते तुम्हाला इथे येण्याआधी कळायला हवं. म्हणून आजच लिहिते आहे.

मला मातीच्या भिंतीची भीती वाटते. मी लहान असताना शेजारच्या घराची भिंत पावसात बसली. आधी तडा नाही, आवाज नाही. पिठाचा डबा लवंडावा तशी ती खाली आली, आणि तिच्या कडेला बांधलेली म्हैस तिच्याखाली राहिली. आमच्या घरी जो शिकला तो नोकरीसाठी, आणि नोकरी केली ती सिमेंटच्या घरासाठी. त्यामुळे निवृत्तीनंतर तुमच्या आजोबांनी नार्नूरच्या शेतात मातीचं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई हसल्या.

"काऊन भावजी, मातीतून निंगायला आपली उमर गेली, अन आता परत मातीत जाता?"

"वहिनी, ही थापलेली माती नाही, ठोकलेली आहे," आजोबा म्हणाले.

विहीर खोदताना निघालेला मुरूम, थोडी वाळू, अगदी थोडं सिमेंट. हा ओलसर माल फळ्यांच्या साच्यात वीतभर घालायचा, धुम्मसाने ठोकून ठोकून दाबायचा, मग वर पुढचा थर. विटा भाजायला नकोत, माल लांबून आणायला नको. पेन्शनीत बसणारं आणि उन्हाळ्यात थंड राहणारं घर, असा त्यांचा हिशेब.

भिंती उभ्या राहिल्या. छप्पर चढायचं होतं, तोच अवकाळीचं आभाळ भरून आलं. जाऊबाईंनी आयुष्यभर कापूस पिकवला; ढग दिसले की त्यांचे हात आपोआप ताडपत्रीकडे जातात. त्यांनी आणि मी मिळून पश्चिमेची भिंत कापसाच्या गंजीसारखी झाकली. वरपासून खालपर्यंत, दोरीने आवळून, पायथ्याशी दगड ठेवून. वारा शिरायला फट नाही. आम्हा दोघींना फार निर्धास्त वाटलं.

पाऊस गेला तरी ढग होते, म्हणून ताडपत्री तशीच राहिली. मग कडक ऊन पडलं आणि दुपारी आजोबांनी ती उचलली. आतून तिला घाम फुटल्यासारखं पाणी सुटलं होतं. गंजीतला कापूस कोरडा असतो. ही भिंत अजून ओली होती. तिच्यातला ओलावा बाहेर पडायला जागाच नव्हती. तो ताडपत्रीवरून ओघळून पायथ्याशी साचला होता. मी बुडाशी अंगठ्याचं नख दाबलं, ते भिजलेल्या साबणात जावं तसं आत गेलं. तेवढ्यात कोपऱ्यातला पाट्याएवढा तुकडा सुटून माझ्या पायाशी पडला. काही आवाज झाला नाही. मला ती म्हैस आठवली.

आजोबा मात्र भिंतीला वारा लागावा म्हणून तिच्या बुडाशी उकिडवे बसले आणि दगड, चिखल हाताने ओढून काढू लागले.

"भावजी, उठा तिथून! ही भीत खाली बसून राह्यली!" जाऊबाई ओरडल्या.

"बसत नाही, वहिनी. जरा वाळू द्या तिला."

"ते वाळंल, पन तुमची पोळी होईन!"

एरवी मी हसले असते. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर मागून घट्ट धरून उभी राहिले. भिंत आलीच तर त्यांना ओढून काढता येईल, असं मला वाटत होतं. माझी नजर भिंतीच्या वरच्या काठावरून हलत नव्हती. बुड मोकळं करून ते उठले, तेव्हा माझी बोटं उघडेनात. जाऊबाईंनी ती सोडवली.

त्यानंतर मी रोज सकाळी जाऊन नख दाबायची. आधी ते पूर्ण आत जायचं, मग अर्धं, मग नुसती रेघ उठायची. मग छप्पर चढवलं आणि वळचण मुद्दाम लांब काढली, पाणी भिंतीपासून दूर पडावं म्हणून.

भीती गेलेली नाही. पाऊस झाला की अजून मी नख दाबून बघते. आज सकाळी, तुमच्या खाटा टाकणार आहे तिथेही दाबलं. रेघसुद्धा उठली नाही.

पश्चिमेची भिंत उभी आहे. पडलेल्या तुकड्याची जागा जाऊबाईंनी मातीने बुजवली, तिथे त्यांची बोटं उमटलेली दिसतात. आजोबा दुपारी तिलाच पाठ टेकून बसतात.