पित्ताची गोळी

ओमानमधल्या दुक्मच्या कामगार-कॅम्पातला दवाखाना मी एकट्याने सांभाळतो. मी नर्स आहे, मिरजेला शिकलो. खरा डॉक्टर मस्कतला असतो आणि फोनवर भेटतो. पण कॅम्पातली माणसं मलाच डॉक्टर म्हणतात, आणि पहिली काही वर्षं मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

दर गुरुवारी सकाळी एक गोरा रक्तदाब तपासून घ्यायला यायचा. पासष्टीचा, इंग्लंडच्या उत्तरेकडचा, यंत्रं सुरू करून देण्याच्या कामावर सल्लागार म्हणून आलेला. दाब मोजायला दोन मिनिटं लागतात, तो अर्धा तास बसायचा. बायको वारलेली, मुलगी दूर. साहेब लोकांच्या सिनियर मेसमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून जेवतात, तेव्हा त्याला बोलायला मीच सापडलो होतो. आणि त्याचा एक विषय ठरलेला होता.

"माझा आजा तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला," तो सांगायचा. "बाप अठराव्या वर्षी लढाईवर गेला. आणि मी? शाळा फुकट, कॉलेज फुकट, सव्विसाव्या वर्षी स्वतःचं घर. बॉम्बचा आवाज मी फक्त सिनेमात ऐकलाय. जुन्या काळी राजाची दाढ दुखली तरी तो गडाबडा लोळायचा. मी इंजेक्शन घेतो आणि काढून टाकतो. आमच्याइतकी भाग्यवान माणसं जगाच्या इतिहासात झाली नाहीत. मुलीला हे सांगितलं की ती चिडते. तिला अजून भाड्याच्या घरात राहावं लागतं ना!"

तो हे मिरवत नसे. कुणीतरी चुकून आपल्या ताटात जास्त वाढलं असावं, तशा नवलाने बोलायचा. आणि मला ते पटायचं. माझी थोरली आत्या बाळंतपणात गेली, चुलतभावाचा पाय पोलिओने लुळा पडला. माझ्या मुलांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. मी मनाशी म्हणायचो, भाग्य झिरपत झिरपत येतं. त्यांच्याकडे आधी पोचलं, आपल्याकडे उशिरा, पण येतंय.

त्याच कॅम्पात गुहागरकडचा एक पाइप फिटर होता. चव्वेचाळीस वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. दवाखान्यात क्वचितच यायचा. सुट्टीवरून परत आला की मात्र कागदात बांधलेली आमसुलं माझ्या टेबलावर ठेवून जायचा. आम्ही साधारण एका वयाचे. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, आठवत नाही.

एका रविवारी अकराच्या सुमारास तो आला. जुलै होता. त्या दिवसांत इथे समुद्रावरून असा वारा सुटतो की दार उघडून मिटेपर्यंत खोलीभर वाळू होते. तो दारातच उभा राहिला, बूट बाहेर काढू की आत येऊ, या विचारात.

"डॉक्टर, हितं वर जळजळतंय," छातीच्या खाली हात ठेवून तो म्हणाला. "पाठ पण भरून आलीये."

"काल काय खाल्लंस?"

"मेसमधला राजमा."

"मग जळजळणारच."

तो घामाने थबथबला होता. पण साइटवरून येणारा प्रत्येक जण घामाने थबथबलेलाच असतो. ईसीजीचं मशीन माझ्यापासून दोन हातांवर होतं. त्याची ती धुळीची डांगरी उतरवायची, छाती पुसायची, चिमटे लावायचे, पट्टी काढायची. फार तर दहा मिनिटांचं काम. तपासणीच्या खाटेवरची चादर मी नुकतीच बदलली होती. महिन्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता. मी त्याला पित्ताची एक गोळी दिली आणि वरून चार बांधून दिल्या.

"घाबरण्यासारखं काय नाय ना?"

"अरे पित्त आहे. पाणी पी भरपूर."

त्याचा चेहरा मोकळा झाला. बाकावर पाचेक मिनिटं बसला, तेवढ्यात फोरमनचा फोन आला, "यल्ला, यल्ला, लवकर ये." तो उठून गेला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ॲसिडिटी. गोळी दिली. कामावर परत.

चार दिवसांनी, गुरुवारी, गोरा नेहमीच्या वेळी आला. बाही वर करत सहज म्हणाला, "आज पोटात वर जरा जळजळतंय. काल मटण जास्त झालं असावं." आणि त्याने हात ठेवला तो बरोबर त्याच जागी.

मी त्याला पुढे एक शब्द बोलू दिला नाही. खाटेवर झोपवलं, शर्ट काढला, चिमटे लावले. पट्टी बाहेर आली, हृदयविकाराचा झटकाच होता. ॲस्पिरिन चघळायला दिली, मस्कतला फोन लावला. तीन तासांत छोटं विमान आलं. त्याच्याबरोबर मस्कतला मीच गेलो. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच्या हृदयाची बंद नळी उघडलेली होती. तिथले डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळेत ओळखलंत." कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो आला, खाली अंगठेच अंगठे. मी तो बायकोला पाठवला.

या सगळ्यात मला फिटरची आठवण एकदाही झाली नाही. खोटं कशाला सांगू?

पुढच्या मंगळवारी दुपारी तो परांचीवरून उतरून खाली बसला तो उठेना. त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा ओठ निळसर झाले होते, श्वास लागला होता. आता मी पट्टी काढली. तिच्यावर आजचं दुखणं नव्हतं, काही दिवसांपूर्वीचं होतं. हृदयाचा एक भाग केव्हाच मेला होता आणि उरलेल्यावर तो नऊ दिवस पाइप उचलत होता.

मी विमान मागितलं. विम्याच्या फोनवरच्या माणसाने कार्डाचा नंबर विचारला, तपासला आणि म्हणाला, "या कार्डात विमान बसत नाही. तुम्ही रस्त्याने निघा."

मोठं हॉस्पिटल कित्येक तासांवर. रस्ता सरळ, दोन्हीकडे सपाट खडी, मध्येच उंट. ॲम्ब्युलन्सचा चालक याच भागातला, वयस्क माणूस. तो सारखं "इन्शाल्ला, इन्शाल्ला" पुटपुटत जमेल तितक्या वेगाने चालवत होता. फिटरच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. थोडं बरं वाटलं की तो मास्क बाजूला करून बोलायचा.

"त्या दिसापास्नं बरं नव्हतं ओ, डॉक्टर. गोळी घ्यायचो. घेतली की जरा हलकं वाटायचं."

"मग परत का नाही आलास?"

"तुम्ही म्हणलात पित्त हाय. मग कशाला सारखा तुम्हाला तरास?"

मी मास्क पुन्हा लावला. त्याने पुन्हा काढला.

"त्या गोऱ्याला विमानातनं नेला ना? बरा हाय आता?"

"बरा आहे."

"बरं झालं. भला माणूस. भेटला की हात हलवायचा."

दोन तासांनी त्याची मान कलंडली. मी छाती दाबत राहिलो. अर्धा तास दाबत होतो की जास्त, मला सांगता येणार नाही. शेवटी चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "खलास?" मी हात थांबवले. त्याने गाडीचा वेग कमी केला. ते मला सहन झालं नाही. "कमी करू नको," मी त्याच्यावर ओरडलो. त्या म्हाताऱ्याने पुन्हा वेग घेतला.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने माझी पट्टी उजेडात धरून पाहिली. "याला आठवड्यापूर्वीच त्रास झाला असणार. कुणाला दाखवलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

रजिस्टर कुणी मागितलं नाही. ते पान अजून आहे, माझ्याच अक्षरात.

दोन दिवसांनी त्याच्या घरून फोन आला. बोलणारी त्याची बायको होती. "तुम्ही दवाखान्यातले डॉक्टर ना? ते तुमचं फार नाव काढायचे. म्हणायचे, आपल्या भाषेतला माणूस हाय, काय काळजी नाय." मग तिने विचारलं, "त्यांना आधी कधी काय झालं होतं का हो?"

"नाही वहिनी. अचानकच झालं."

"मग बरं. मला वाटत होतं, माझ्यापासून लपवलं की काय."

महिनाभराने गोरा आपलं सामान न्यायला आला. वजन उतरलं होतं, पण चेहरा तजेलदार होता. माझ्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. दोन्ही हातांत माझा हात धरून म्हणाला, "माझं भाग्य बघ. वाळवंटाच्या टोकाला आजारी पडलो, तर तिथेही तू होतास."

मी त्याला सगळं सांगितलं. तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. याला का सांगितलं? त्याचं ते नवल मोडावं म्हणून सांगितलं असेल. मला तेव्हा तो आवडेनासा झाला होता, त्याचा काही दोष नसताना.

"दोघांनी एकच तक्रार सांगितली?" त्याने विचारलं.

"हो. हातसुद्धा एकाच जागी."

"मग मलाच मशीन का लावलंस?"

"तुमचं वय. रक्तदाब."

"आणि?"

"आणि तुम्ही गोरे. तुम्हाला काही झालं असतं तर मला जाब विचारला असता. त्याच्याबद्दल कोण विचारणार होतं?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "हे तू मला सांगायला नको होतंस."

त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. ती माणसं भाग्यवानच आहेत. आजोबा खाणीत उतरले, बाप लढले, त्यातून त्यांनी बरंच कमावलंही असेल. पण उरलेलं त्यांना रोज कुणीतरी हाताने वाढत असतं. सांगली-मिरजेकडचा, शिकलेला, मराठी बोलणारा माणूस चादर मळेल म्हणून एकाला बाकावर बसवतो आणि दुसऱ्यासाठी तीच चादर झटकून अंथरतो. विम्याचं कार्ड कंपनीचं होतं. चादर माझी होती.

जाताना तो म्हणाला की कंपनीला लिहीन, आणि त्याने लिहिलं. भिंतीवर इंग्रजीत आणि अरबीत सूचना लागली: चाळिशीपुढच्या कुणालाही छातीची वा पोटाची तक्रार असल्यास ईसीजी सक्तीचा. मी ती पाळतो. मशीनच्या कागदाचे रोल संपले की नवे मंजूर होऊन यायला तीन आठवडे लागतात. त्या काळात शेवटच्या चार-पाच पट्ट्यांपुरता कागद मी कपाटात बाजूला काढून ठेवतो. तो सिनियर मेसमध्ये जेवणाऱ्यांसाठी असतो. तसं मला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात असाच कागद संपत आला असताना एक सुतार पोट धरून आला, राजस्थानकडचा, पन्नाशीचा. मी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. कागद लावला, पट्टी काढली. सगळं ठीक निघालं. तो हात जोडून निघून गेला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की एक पट्टी वाया गेली.