शहाऐंशी अंश

जुना पोकलेन विकायला काढला की आमच्याकडची माणसं आधी त्याला धुतात, मग पिवळा रंग फासतात, मग कुणाला तरी बोलावून त्याच्या कम्प्युटरमधले सगळे फॉल्ट कोड पुसून घेतात आणि शेवटी चंदनाचा टिळा लावतात. टिळा जितका ठळक तितका आत घोटाळा मोठा, हे तंजावरातल्या या धंद्यात मला आता लांबूनच कळतं. माझं काम सरळ आहे. लॅपटॉप जोडायचा, कुठला सेन्सर काय बोंबलतोय ते वाचायचं आणि विकत घेणाऱ्याला सांगायचं. विकणारे शिव्या देतात. मला त्याचं काही वाटत नाही, उलट त्या दिवशी दोन घास जास्तच जातात.

त्या दिवशी पापनाशमचा एक कंत्राटदार, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, मला ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या एका यार्डात घेऊन गेला. मशीन कोणाचं ते त्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. फाटकाशी उभा असलेला मालक ओळखीचा निघाला. तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आमच्याच मराठी लोकांतला माणूस. त्याच्या मुलाशी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. आमची घरं मोजकी, आणि अक्का छत्तीस वर्षांची. बघायला आलेल्या माणसांनी काय काय बोलून ठेवलं होतं ते मी ऐकलेलं आहे. एका बाईने तिच्यासमोरच आईला विचारलं होतं, "इतके दिवस ठेवून घेतलीत, मग आता कशाला घालवता?" हा मुलगा मात्र तिला रोज फोन करायचा. तिरुवैयारुच्या शाळेत गणित शिकवून, बसमध्ये उभ्याने घरी येऊनसुद्धा ती हल्ली हसतमुख असायची.

"घरचाच माणूस आला, बरें झालें," मालक म्हणाला.

इंजिन आधीच तापवून ठेवलेलं होतं. हीही जुनी चलाखी. तापलेल्या इंजिनावर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खरा की खोटा ते चटकन कळत नाही. स्क्रीनवर शहाऐंशी अंश दिसत होते आणि इतक्या वापरलेल्या मशीनच्या पोटात एकही जुना कोड नव्हता. इतकं निर्मळ चारित्र्य मी माणसात पाहिलेलं नाही, पोकलेनमध्ये तर नाहीच. मी कंत्राटदाराला म्हटलं, इंजिन बंद करून गार होऊ द्या.

तोवर जेवण झालं. यार्डामागेच त्यांचं घर होतं, मी तिथे पहिल्यांदाच गेलो. मुलाच्या आईने आम्हा दोघांना केळीच्या पानावर वाढलं, मला डांगर पच्चडी दोनदा वाढली आणि अक्काला मोरपिशी रंग आवडतो का ते विचारलं. पुडवा, म्हणजे लग्नाची साडी, घ्यायचा होता म्हणे. मी हो म्हटलं. मला तिचा आवडता रंग माहीत नव्हता.

जेवून परत आलो. रेडिएटरला हात लावला तर खुशाल ठेवता येत होता. चावी फिरवली. स्क्रीनवर शहाऐंशी. आणखी थोडा वेळ थांबलो, तरी शहाऐंशीच. मग वायरीवरची काळी टेप सोलली. सेन्सरकडे जाणारी वायर कापून तिथे एक छोटा रेसिस्टर जोडलेला होता. इंजिन उकळून फाटलं तरी कम्प्युटर शहाऐंशीच दाखवणार, बझर कधी वाजणारच नाही. म्हणजे ते आधी उकळलेलं होतंच.

मालक शेजारी येऊन उभा राहिला. कंत्राटदाराला कळू नये म्हणून, पाणी हवं का विचारावं तशा हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाला, "ऐक रे. अतां आपण एक घर होणार. कम्प्युटरांत दिसतें तेवढेंच सांग. बाकीचें त्याला कशाला?"

आमच्या घरांमध्ये हे लहानपणापासून चालतं. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे, परक्यापासून लपवायचं ते मराठीत बोलायचं. आणि समोरच्याने मराठीतच उत्तर द्यायचं. मराठीत बोललेलं परक्यापुढे तमिळमध्ये उघडं करणारा माणूस मी आमच्यात पाहिलेला नव्हता.

मी कंत्राटदाराकडे वळून म्हणालो, "सेन्सर इल्लै अय्या, रेसिस्टर पोट्टिरुक्कांग." सेन्सर नाहीच, रेसिस्टर बसवलाय. आणि मालक मला काय लपवायला सांगत होता तेही सांगून टाकलं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की अक्काची आठवणही झाली नाही.

कंत्राटदार चिडला नाही. तो खुशीत आला. खाटेवर मांडी घालून बसला आणि त्याने भाव पाडत पाडत तेच मशीन घेतलं. मग मला म्हणाला, "तम्बी, ती टेप पुन्हा गुंडाळ. मलाही पुढे विकायचंय."

"इंजिन जळेल," मी म्हटलं.

"जळायच्या आधी विकीन."

माझं डोकं फिरलं. मी कटर काढून रेसिस्टर कापला. स्क्रीनवर ताबडतोब कोड उमटला आणि बझर कोकलायला लागला. कंत्राटदार माझ्यावर ओरडला, आणि मालक त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसला. कंत्राटदाराच्या खांद्यावर हात ठेवून तो मुद्दाम तमिळमध्ये म्हणाला, "याची बहीण कुठे खपत नव्हती. आम्ही दया करून घेणार होतो. आता ठेवा म्हणावं घरी." दोघेही हसले. मी लॅपटॉप आवरत होतो आणि ते हसत होते.

मी घरी पोचायच्या आत मालकाकडून लग्न मोडल्याचा फोन येऊन गेला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. अक्का शाळेतून नुकतीच आली होती, पिशवी अजून खांद्यालाच होती.

"तें मशीन विकलें का?" तिने विचारलं.

"विकलें."

"तुझ्या गिऱ्हाइकालाच?"

"हो."

"म्हणजे त्याला हवें होतें तें मिळालें, विकणाऱ्याला हवें होतें तें मिळालें. मग माझेंच कां मोडलेंस?"

मला राग आला. त्या दोघांवर यायचा तो तिच्यावर आला. मी ओरडलो, "असल्या माणसांच्या घरांत जाऊन तुला कसलें सुख लागलें असतें?"

अक्काने पिशवी खाली ठेवली.

"तें माझें मी बघून घेतलें असतें," ती म्हणाली.