मुगाची पूड

आईच्या मागं आम्हा दोघा भावंडांना आत्यानं वाढवलं. ती बालविधवा. तिच्या चुलीजवळ कांदासुद्धा कधी आला नाही. तंजावर सोडून आम्ही मद्रासला आलो, अड्यारला भाड्याच्या घरात राहू लागलो, तरी तिचं सोवळं तसूभर ढळलं नाही. मी गिंडीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. भाऊ नोकरीसाठी मदुरैला होता.

साठ सालानंतरची गोष्ट. आत्याला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण ती उठेना. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या तांदळाच्या कंजीवर या उभ्या राहायच्या नाहीत. प्रोटीनची पूड मिळते, ती द्या."

मी आधी दुधाच्या पुडीचा डबा आणला. दोन दिवसांत तिला जुलाब लागले. मग शेंगदाण्याच्या पिठाचा आणला, तर प्रत्येक घोट उलटून पडायचा. तिला उठवून बसवताना वाटायचं, जोरानं धरलं तर काहीतरी मोडेल.

तिसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं फळीवरून एक तपकिरी डबा काढला. "हे आधीच पचवलेलं असतं, अम्मा. अंगी लगेच लागतं."

"कशाचं आहे?"

त्यानं आवाज खाली आणला. "लिव्हरचं, जनावराच्या काळजाचं. तुमच्या घरी चालणार नाही, ठाऊक आहे मला. शेंगदाण्याचाच दुसरा एक आहे, तो देऊ?"

दोन्ही डबे समोर होते. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मागचं गिऱ्हाईक खाकरलं.

"तपकिरी द्या," मी म्हणाले.

घरी येऊन पूड चिनी मातीच्या बरणीत ओतली आणि डबा गल्लीच्या टोकाशी टाकून आले. पुडीला उग्र वास होता. वेलची कुटून घातली. आत्यानं पेला नाकाशी नेला.

"हे कसलं गे?"

"मुगाचं. नवीन निघालंय."

एवढ्यावर तिचा विश्वास बसला. माझ्या शब्दावर तिनं कधी शंका घेतलीच नव्हती.

पहिला पेला पोटात राहिला. दुसराही. दहाव्या दिवशी ती भिंतीला धरून न्हाणीपर्यंत गेली. मी आनंदानं रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं, तर आत्या देव्हाऱ्यासमोर बसली होती. समोर पाण्याचं चौकोनी मंडल, त्यावर तो पेला. तिनं तुळशीचं पान ठेवलं, डोळे मिटले आणि नैवेद्य दाखवला. मग पेला कपाळाला लावून प्यायली.

मी दारातच थिजले. ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. बस चुकली. त्या दिवशी मी टाइप केलेली सगळी पत्रं साहेबांनी परत पाठवली.

ती रोज नैवेद्य दाखवायची. मी रोज पुडीत वेलची घालायची.

ती चांगली हिंडूफिरू लागल्यावर मी बरणी रिकामी करून धुतली आणि पुन्हा दुधाची पूड आणली. आता तिला ती पचली. पण चौथ्या दिवशी म्हणाली, "ती मुगाचीच आण गे. तिनं जीव आला मला. देवालाही तीच रुजू झाली."

"ती आता मिळत नाही, आत्या."

"असं होय," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं पाच वर्षं ती जगली. किती दुपारी आम्ही दोघीच घरात असायचो. मी तिच्याजवळ जाऊन बसायची, सुरुवात करायची आणि दुसरंच काही बोलायची. ती गेल्यावर त्या दुपारी अधिकच अंगावर आल्या. देव्हाऱ्याच्या खोलीत कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलंय आणि मी बोलायची वाट बघतंय, असं वाटायचं. मी दिवेलागणीलाच त्या खोलीत जायची, तेही घाईनं.

तेराव्यानंतर भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वाचली ना त्यानं? बरोबर केलंस."

त्यानंतर तो अनेकदा घरी आला. माझ्याशी नेहमीसारखा हसला, बोलला. जेवायला मात्र कधी थांबला नाही. पोट बरं नाही म्हणायचा. स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घ्यायचा आणि स्टेशनला निघायचा.