हौद भरणारा डबा

दुष्काळाची ती वर्षं. पडेगावात आमच्या घराभोवती नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही दुपारी कधीतरी. मी वाळूजला कारखान्यात. घरी आई एकटी. पाणी आधी गढूळ यायचं. ते गटारीला सोडायचं, नितळ झालं की कॉक फिरवून हौदात घ्यायचं. त्यापायी आई दुपारी कधी डोळा लावायची नाही. सिल्लोडला मावशीकडे मुक्कामाला जाणंही तिनं बंद केलं होतं. मला याचा भयंकर राग यायचा.

"तू जा, कॉकचं मी बघते," म्हणाले आणि कामाला लागले. तळहाताएवढा कॉम्प्युटर, पाणी नितळ झालं का, हौद भरला का हे ओळखणारे सेन्सर, कॉक फिरवणारी छोटी मोटर आणि बॅटरी, कारण पाण्याच्या वेळेला लाइट हमखास जायची. सगळं एका डब्यात बसवलं. असली कामं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते.

पहिल्याच खेपेला सगळं पाणी गटारीला गेलं. मोटर फिरायला लागली की बॅटरीचा जोर कमी पडायचा, कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि कामही पहिल्यापासून सुरू करायचा: गढूळ पाणी, गटार. हौदापर्यंत गडी पोचायचाच नाही.

"ह्याला सारखा इसर पडतोय," आई कडाडली. "आन् ह्याच्या भरवशावर मी सिल्लोडला जाऊ व्हय?"

मला हसू आलं, कारण दुखणं नेमकं तेच होतं. मोटरला वेगळी बॅटरी दिली. काम कुठवर आलं ते साठवून ठेवायचं आणि सुरू झाल्याबरोबर आधी ते वाचायचं, असं कॉम्प्युटरला शिकवलं. बॅटरी उतरायला लागली तर कॉक हौदाकडे वळवूनच झोपायचं, हेही बजावलं.

पुढच्या पाण्याला मी रजा टाकली. हौदात धार पडत असताना आईनं स्वतः कॉम्प्युटरची वायर उपटली, जरा थांबली, पुन्हा जोडली. दिवा लुकलुकला. कॉक जागचा हलला नाही. धार हौदातच पडत राहिली. संध्याकाळी आईनं पिशवी भरायला घेतली.

पुढचं पाणी आलं तेव्हा ती सिल्लोडला होती. दुपारी कारखान्यात माझ्या मोबाइलवर डब्याचा मेसेज आला: हौद भरला. मी लगेच तिला फोन लावला. उचलला मावशीनं, आवाज अगदी दबका.

"झोपलीय ती. लई गाढ झोपलीय बघ. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "काही काम नव्हतं."